सनदेनंतरची तीन वर्षं

रायपूरच्या शंकर नगरात मंत्र्यांचे बंगले आहेत, बीटीआय मैदान आहे आणि आतल्या गल्ल्यांमधून निवृत्त बँकवाल्यांची, सरकारी नोकरदारांची शांत घरं आहेत. तात्यापारा, बूढापारा या जुन्या मराठी वस्त्यांमधून बाहेर पडलेली काही कुटुंबंही इकडे स्थिरावली. अशा एखाद्या घरात विधी विद्यापीठांच्या ‘क्लॅट’ या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की जेवणाच्या ताटावरचं बोलणं साधारण असं होतं. मुलगी म्हणते, “बाबा, मला कंपन्यांचे करार तपासत नाही बसायचं. मला बस्तरात काम करायचंय, गरिबांच्या केसेस लढायच्यात.” बाबा थोडा वेळ गप्प राहतात आणि म्हणतात, “लढ ना. पण मग त्यासाठी पंधरा लाख कशाला घालायचे?”

प्रश्न चिकटपणाचा वाटतो, पण बिनतोड आहे. वकिली करून समाजाचं काम करायचं असेल तर नावाजलेल्या विधी विद्यापीठाची किंमत मोजावी का, याचं उत्तर सहसा भावनेच्या भरात दिलं जातं. एक बाजू म्हणते, शिक्षणात पैसा बघू नये. दुसरी म्हणते, समाजसेवाच करायची तर गावातलं कॉलेज काय वाईट? दोघांपैकी कुणीच वही-पेन घेऊन बसत नाही.

रायपूरसारख्या शहरात हा हिशेब मांडायला सगळी सामग्री हाताशी आहे. शंकर नगरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर नवा रायपूरमध्ये हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, २००३ साली स्थापन झालेलं. ज्यांचं नाव त्याला दिलं ते न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला रायपूरच्या सरकारी हायस्कुलात शिकले, मग नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, आणि तिथून थेट केंब्रिजला गेले. परत येऊन नागपूरला वकिली केली, तिथल्या विधी महाविद्यालयात शिकवलं आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. आज त्यांच्या नावाच्या विद्यापीठात वर्षाची फी दोन लाखांच्या वर जाते. विद्यापीठ निवासी, म्हणजे हॉस्टेल आलं, मेस आली, लॅपटॉप आला आणि दर सुट्टीत दिल्ली-मुंबईला जाऊन करायची इंटर्नशिपही आली. पाच वर्षांचा आकडा बारा-पंधरा लाखांच्या घरात सहज पोचतो. आणि याच रायपुरात दुर्गा कॉलेज आहे. तिथून किंवा तसल्या एखाद्या साध्या कॉलेजातून पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. बहुतेक ठिकाणी तिन्ही वर्षांची फी मिळूनही विधी विद्यापीठाच्या एका वर्षाच्या फीएवढी भरत नाही.

छत्तीसगडमधली जनहिताची सगळ्यांत परिचित वकिली याच दुसऱ्या दारातून आली, हे शंकर नगरातल्या बाबांना माहीत असायला हरकत नाही. सुधा भारद्वाज या आयआयटी कानपूरच्या गणिताच्या पदवीधर. आई कृष्णा भारद्वाज नामवंत अर्थशास्त्रज्ञ, बालपण बेळगावात आणि शिक्षण मुंबईच्या रुईया कॉलेजात झालेल्या. लेक १९८० च्या दशकात शंकर गुहा नियोगी यांच्या कामगार चळवळीत दल्ली राजहऱ्याला आली आणि तिथलीच झाली. १९९१ मध्ये भिलाईत नियोगींचा खून झाला. संघटनेच्या माणसांना कोर्टाच्या पायऱ्या रोजच्या झाल्या, आणि त्यांना परवडेल व शेवटपर्यंत टिकेल असा वकील मिळेना. तेव्हा कामगारांनीच सुधा भारद्वाज यांना सांगितलं की तुम्हीच वकील व्हा. चाळिशीला टेकल्यावर, २००० साली, त्यांनी दुर्गा कॉलेजातून कायद्याची पदवी घेतली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य झालं आणि बिलासपूरला हायकोर्ट सुरू झालं. तिथे त्यांनी ‘जनहित’ हा वकिलांचा गट उभा केला, खाणी-कारखान्यांसाठी गेलेल्या जमिनींच्या, कंत्राटी कामगारांच्या केसेस चालवल्या. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने त्यांना अतिथी प्राध्यापक म्हणून बोलावलं. ज्या विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून मुलं दोन-दोन वर्षं क्लास लावतात, तिथे दुर्गा कॉलेजची पदवीधर शिकवायला गेली. २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली, तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात गेला, २०२१ च्या डिसेंबरमध्ये जामिनावर सुटका झाली. खटला प्रलंबित आहे आणि त्याबद्दल मत देणं हा इथला विषय नाही. मुद्दा पदवीचा आहे.

मुंबईतलं उदाहरणही याच चालीचं. कॉलिन गोन्साल्विस आयआयटी मुंबईचे सिव्हिल इंजिनिअर. कामगार संघटनांबरोबर वावरताना कायद्याची गरज जाणवली, म्हणून रात्रीच्या कॉलेजात वकिली शिकले. १९८९ मध्ये ‘ह्युमन राइट्स लॉ नेटवर्क’ सुरू केलं, २०१७ मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये बस्तरातल्या जगदलपूरला भाड्याच्या घरात ‘जगदलपूर लीगल एड ग्रुप’ थाटणाऱ्या तरुण वकील मुलींपैकी काही जणी दिल्ली विद्यापीठाच्या विधी शाखेतल्या, जिथली फी त्या काळी वर्षाला काही हजारांत होती.

त्या जगदलपूरच्या घरात नेमकं काय काम चालायचं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. टीव्हीवरच्या वकिलासारखं भाषण तिथे क्वचितच. तुरुंगात जाऊन वकालतनाम्यावर अंगठा घ्यायचा. गोंडी किंवा हलबी बोलणाऱ्या माणसाचं म्हणणं दुभाष्यामार्फत समजून घ्यायचं. आरोपपत्रातलं नाव आणि तुरुंगातला माणूस एकच आहे का, हे पडताळायचं, कारण एका गावात एकाच नावाचे पाच जण असतात. साक्षीदार पोलीस दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेला म्हणून पेशी पुढे गेली की पुन्हा अर्ज करायचा. जामीन मिळाला तरी जामीनदार म्हणून उभा राहायला जमिनीची कागदपत्रं असलेला माणूस शोधायचा, आणि तो ऐंशी किलोमीटरवरच्या गावातून बसने आणायचा. या गटाने माहिती अधिकारात आकडे काढले तेव्हा दंतेवाड्याच्या सत्र न्यायालयात निकाली निघालेल्या खटल्यांत निर्दोष सुटण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर निघालं. सुटका होणार हे जवळपास ठरलेलं. पण तोवर किती वर्षं आत जाणार, हे वकिलावर अवलंबून. २०१७ च्या बुरकापालच्या नक्षलवादी हल्ल्यानंतर पकडलेले १२१ आदिवासी २०२२ च्या जुलैमध्ये निर्दोष सुटले, पाच वर्षं कोठडीत काढून. त्यांच्या वकिलांपैकी बेला भाटिया केंब्रिजच्या पीएचडी, पण कोर्टात कामाला आली ती चिकाटी आणि हाताशी असलेला वेळ. जगदलपूरच्या गटाला मात्र २०१६ च्या फेब्रुवारीत घरमालकाने घर सोडायला सांगितलं. पोलिसांचा दबाव होता, असा गटाचा आरोप होता. त्यांना बिलासपूरला यावं लागलं.

इथवर वाचून बाबा खूश होतील. पण या यादीतली नावं पुन्हा वाचायला हवीत. आयआयटी, केंब्रिजमधून आलेली माणसं. कायद्याची पदवी साधी होती हे खरं, पण त्याआधीच वजनदार शिक्का बसलेला होता, घरी शिकलेले आईवडील होते, चारचौघांत इंग्रजीत बोलायची सवय होती. विदर्भातून अलीकडे सरन्यायाधीश झालेल्या दोघांचं तेच. शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचे, भूषण गवई अमरावती विद्यापीठाचे. ‘गावच्या कॉलेजातून सर्वोच्च न्यायालयात’ असे मथळे त्यांच्यावर आले. बोबडेंचे वडील महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते आणि गवईंचे वडील रा. सू. गवई राज्यपाल, हे त्या मथळ्यांत बसत नाही. म्हणून दोघांची गुणवत्ता कमी ठरत नाही. पण घरात कुणीच काळा कोट घातलेला नाही अशा मुलीला त्यांचं उदाहरण देऊन ‘कॉलेजने काही फरक पडत नाही’ म्हणणं हा शुद्ध भाबडेपणा आहे.

फरक पडतो, आणि कुठे पडतो तेही सांगता येतं. मोठ्या विद्यापीठात सीनिअर वकिलांच्या चेंबरचं दार एका फोनवर उघडतं. हायकोर्टात लागणारी इंग्रजी कानावर पडून पडून येते. फेलोशिपच्या जाहिराती आधी तिथल्या ग्रुपवर फिरतात. शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ ही संस्था सुरू केली ती हेच ओळखून. खेड्यातल्या, गरीब, अपंग मुलांना ‘क्लॅट’साठी तयार करायचं आणि आत गेल्यावरही फी, भाषा, एकटेपणा यांत हात द्यायचा. आत गेलेलं मूल वेगळं होऊन बाहेर पडतं, याचा अनुभव या क्षेत्रात सगळ्यांना आहे. शिक्क्याची सगळ्यांत जास्त गरज पहिल्या पिढीच्या मुलीला असते, आणि शिक्क्यासाठी काढलेलं कर्जही तिलाच सगळ्यांत जास्त बोचतं. पेच इथे आहे.

आता आकडे. पंधरा लाखांचं शैक्षणिक कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत: महिन्याचा हप्ता साधारण १९,८०० रुपये. शिकत असताना साठलेलं व्याज यात धरलेलंच नाही. दुसरीकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ज्युनिअर वकिलांसाठी किमान मानधन सुचवलं, शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,०००. फक्त सुचवलं, बंधनकारक केलं नाही. रायपूरच्या जिल्हा कोर्टात पहिल्या वर्षीच्या ज्युनिअरला वीस हजार देणारा सीनिअर भेटला तर त्याच्या पाया पडावं. म्हणजे शहरासाठी सुचवलेलं मानधन खरोखर हातात आलं, तरी ते जसंच्या तसं बँकेत जातं. दुपारचा डबा, पेट्रोल, झेरॉक्स कशातून?

म्हणून कर्ज काढून शिकलेली मुलं कॉर्पोरेट फर्मकडे वळतात. तिथे पहिल्याच वर्षी पंधरा-वीस लाखांचं पॅकेज असतं. त्यांना स्वार्थी म्हणणं सोपं आहे. बंगळुरूला राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पहिला प्रयोग माधव मेनन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभा केला, तेव्हा समाजाच्या कामाचे वकील घडवायचं स्वप्न होतं. तिथून निघालेल्या मुलांचा मोठा ओघ कंपन्यांच्या दारात गेला, आणि फी वाढत गेली तसा तो ओघही वाढला.

इथे बाबांचा हिशेब उलटा करून पाहावा. घरात खरोखर बारा लाख जमवलेले आहेत असं धरू. मुलगी पदवी करून रायपूर किंवा नागपूरच्या साध्या कॉलेजात एलएलबीला गेली तर सगळं मिळून दोन-अडीच लाखांत भागेल. उरले साडेनऊ. सनद मिळाल्यावर दरमहा २५,००० प्रमाणे तीन वर्षं म्हणजे नऊ लाख. थोडक्यात, कॉलेजवर जाणाऱ्या पैशांत तीन वर्षांची वकिली विकत घेता येते: जगदलपूरला खोली, बसभाडं, पुस्तकं, आणि फी न देणाऱ्या अशिलाला नाही न म्हणण्याची सोय. जनहिताच्या वकिलीत माणूस गळतो तो याच तीन वर्षांत. कॉलेजचं नाव कितीही मोठं असो, तिसऱ्या महिन्याचं भाडं थकलं की तो ट्रॅफिक चलान आणि भाडेकरारांकडे वळतो. ज्या घरात पैसा आहे पण मोजका, तिथे तो पदवीऐवजी या तीन वर्षांवर लावावा, असं या लेखाचं स्पष्ट म्हणणं आहे.

शिक्का हवाच असेल तर तो नंतर, स्वस्तात मिळतो. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींचे लॉ क्लार्क परीक्षा घेऊन निवडले जातात. कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजचा पदवीधर बसू शकतो, आणि २०२५ मध्ये मानधन महिना ८०,००० होतं. नागपूर आणि येरवडा तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांसाठी दिल्लीच्या विधी विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट ३९ए’ने फेलोशिप चालवली. तिथे वकिलाबरोबर समाजकार्य शिकलेला माणूसही नेमला जात होता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांत पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत २०२२ पासून देशभर पसरली आहे. खासगी केसेस घ्यायच्या नाहीत, पण महिन्याला ठरलेला पैसा. सनदेचा खर्चही उतरला. ओडिशात नोंदणीलाच ४२,१०० रुपये लागत. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बार कौन्सिलना कायद्यातल्या ७५० रुपयांवर आणून ठेवलं, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ वर.

पण ज्या घरात बारा लाख नाहीतच, त्यांचं काय? तिथे हा सल्ला कोरडा ठरतो. बँक कॉलेजच्या फीसाठी कर्ज देते, सनदेनंतर जगण्यासाठी देत नाही. २०२४ मध्ये आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट आहे, पण ती निवडक संस्थांतल्या प्रवेशाला, आणि सवलत हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळापुरती. नेमका जिथे खड्डा आहे तिथे पूल नाही. अमेरिकेत हार्वर्डने १९७८ मध्येच कमी पगाराचं काम निवडणाऱ्या विधी पदवीधरांच्या कर्जफेडीला मदत सुरू केली, आणि २००७ च्या कायद्यानुसार तिथलं केंद्र सरकार सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरणाऱ्यांचं उरलेलं कर्ज माफ करतं. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये ज्युनिअर वकिलांना तीन वर्षं महिना ५,००० द्यायची योजना आणली होती. रक्कम तुटपुंजी, पण नेम बरोबर जागी होता.

शिकण्याच्या बदल्यात सेवा ही कल्पना मराठी माणसाला तर नवी नसावी. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते करार करून: शिकून या आणि दहा वर्षं बडोदा संस्थानात काम करा. करार मोडला तो आंबेडकरांच्या लहरीने नाही. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. ते मुंबईला परतले, सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आले तरी मुंबईत वकिली सुरू करताना हात मोकळा नव्हता, आणि भथेना पुन्हा मदतीला आले. कायद्याच्या शिक्षणाचा सगळ्यांत मोठा सार्वजनिक उपयोग या देशाला झाला तो अशा उसनवारीवर. करारात शिकण्यासारखं खूप आहे, आणि तो फसला त्या कारणातही: सेवेची अट घातली पण सेवा करता येईल अशी जागा दिली नाही.

छत्तीसगडला हे नव्याने करता येईल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. न्यायाधीश व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या गरीब मुलांपुढेही आता तीच तीन वर्षं उभी आहेत. बस्तर आणि सरगुजा विभागांत वीस तरुण वकील, प्रत्येकी महिना ३०,०००, तीन वर्षं: एकूण खर्च २ कोटी १६ लाख. शंकर नगरातला एखादा सरकारी बंगला दुरुस्त करायला किती जातात, हे चौकशी करून पाहण्यासारखं आहे. निवड करताना कॉलेज कुठलं हे विचारू नये. गोंडी, हलबी किंवा सरगुजिया येते का, हे विचारावं. नवा रायपूरच्या विद्यापीठाने यातल्या आपल्या पदवीधरांची फी सेवेच्या प्रमाणात परत करावी.

रायपुरात याला जुना आधारही आहे. लाखे नगर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते वामनराव लाखे पेशाने वकीलच. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये काढलेल्या ‘छत्तीसगड मित्र’चे ते प्रकाशक होते, पुढे रायपुरात सहकारी चळवळ उभी करण्यात पुढे होते. वकिलीची कमाई त्यांनी अशी वळवली. आजच्या ज्युनिअरकडे वळवायला कमाईच नाही, एवढाच काय तो फरक.

सरकारच्या पैशावर सरकारविरुद्ध कोण लढणार, असा आक्षेप येईलच. बचाव वकिलांना आजही पैसा सरकारी तिजोरीतूनच मिळतो आणि समोर पोलीसच असतात. अट एकच असावी: नेमणूक आणि मानधन हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडून, कलेक्टर कचेरीचा त्यात हात नको. जगदलपूरला घर रिकामं करायची वेळ पुन्हा आली तर राहायला कोर्टाच्या आवारातली खोलीही त्याच समितीने द्यावी.